करारनामा रोजच्या कारभारात कसा वापरावा

लातूरची डाळमिल असो वा वाळूजचा सुट्या भागांचा कारखाना, स्टॅम्प पेपरवर सह्या झाल्या की करारनामा कपाटात जातो आणि भांडण लागले की बाहेर येतो. खरे तर तो मालकाइतकाच मुनिमाच्या आणि काट्यावरच्या माणसाच्या हाताशी असायला हवा.

सुरुवात मापापासून करावी, कारण ‘माल चांगल्या प्रतीचा असावा’ एवढ्या वाक्यावर कारभार चालत नाही. आमच्याकडे एकदा तुरीचा ट्रक आला, तेव्हा पुरवठादाराच्या मीटरवर ओलावा १० टक्के होता आणि आमच्या मीटरवर १२. ट्रक दिवसभर गेटवर उभा राहिला आणि ट्रक थांबल्याचे पैसे कोणी द्यायचे, हा आणखी एक वाद त्यातून निघाला. पुढच्या करारात नमुना किती पोत्यांतून व कोणासमोर काढायचा, मीटर कोणाचे ग्राह्य धरायचे, जादा ओलाव्याच्या प्रत्येक टक्क्याला किती घट कापायची आणि तरीही मतभेद राहिल्यास सीलबंद नमुना कोणत्या प्रयोगशाळेकडे पाठवायचा, हे आम्ही लिहून घेतले. आता काट्यावरचा माणूस मला फोन न करता गाडी आत घेतो.

मग करारातून एका पानाचा तक्ता काढावा: काम, जबाबदार माणूस, तारीख. नूतनीकरणाची आणि दर ठरवण्याची तारीख नवी तूर बाजारात येण्यापूर्वीची ठेवावी. ऐन आवकेत बोलणी करणाऱ्याला घासाघीस करायला वेळ उरत नाही.

पैशांच्या कलमात मर्जी चालत नाही. पुरवठादार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल, तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लेखी करारातही ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत ठरवता येत नाही आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. ही तारीख हिशेबनिसाच्या तक्त्यात असलीच पाहिजे.

माल पोचवण्यातील उशिरासाठी धाक म्हणून भलामोठा दंड लिहिण्याची हौस आपल्याकडे फार आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार लिहिलेली रक्कम ही केवळ कमाल मर्यादा ठरते. भरपाई वाजवी तेवढीच मिळते. त्यापेक्षा दर आठवड्याच्या उशिराला बिलातून ठरावीक लहान कपात ठेवावी, म्हणजे ती प्रत्यक्षात लावताही येते.

दर किंवा मुदत फोनवर बदलली, तर त्याच दिवशी दोघांच्या सहीचे पुरवणीपत्र करून मूळ करारास जोडावे आणि तक्त्यातील जुनी तारीख खोडावी.