घरी कृष्णधवल रोल धुताना या चुका टाळा

निगेटिव्ह (धुतलेल्या फिल्मवरचे उलट चित्र) फिकी आली की बहुतेक जण डेव्हलपरला, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनाला, दोष देऊन मोकळे होतात. मात्र त्याआधी फिल्मच्या कडेला उमटलेले फ्रेमचे आकडे नीट पाहावेत. ते कारखान्यातच प्रकाशाने छापलेले असतात आणि डेव्हलपरमध्ये चित्रांबरोबरच उमटतात. त्यामुळे आकडे ठळक आणि चित्रे फिकी असतील, तर कॅमेऱ्यात प्रकाश कमी पडला आहे. दोन्ही फिके असतील, तर डेव्हलपिंग अपुरे झाले आहे. आकड्यांसह सगळेच गायब असेल, तर डेव्हलपर निकामी झालेला असतो किंवा फिक्सर (चित्र पक्के करणारे रसायन) आधी ओतला गेलेला असतो.

ठाणे-नवी मुंबईत सर्वाधिक घात होतो तो तापमानामुळे. वेळेचे तक्ते सहसा 20 अंश सेल्सिअस धरून केलेले असतात आणि मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी सहज 30 अंशांच्या वर जाते. हट्टाने 20 अंश गाठण्यापेक्षा 24 अंशांवर काम करून वेळ कमी करणे मला अधिक व्यवहार्य वाटते. एचपी5 प्लस फिल्मला आयडी-11 डेव्हलपर 1+1 प्रमाणात (एक भाग डेव्हलपर, एक भाग पाणी) वापरल्यास 20 अंशांना 13 मिनिटे लागतात, तर 24 अंशांना सुमारे 9. हाच डेव्हलपर पाणी न मिसळता वापरला, तर उन्हाळ्यात वेळ पाच मिनिटांच्या आसपास येते आणि इतक्या घाईत फिल्म एकसारखी डेव्हलप होण्याची खात्री राहत नाही. बर्फ द्रावणात टाकू नये. बाटल्या बर्फाच्या पाण्याच्या टबात ठेवाव्यात. धुण्याचे पाणीही द्रावणांच्या तापमानापेक्षा पाच अंशांहून अधिक वेगळे नसावे.

पावसाळ्यात अडचण आधीच, रीळ भरतानाच, म्हणजे अंधारात फिल्म टँकमधल्या चक्रीवर गुंडाळतानाच, सुरू होते. चेंजिंग बॅगेत (हात घालून काम करायच्या प्रकाशबंद पिशवीत) हाताला घाम सुटतो, इमल्शन (फिल्मवरचा प्रकाशसंवेदी थर) चिकट होते, फिल्म प्लॅस्टिकच्या रिळात अर्ध्यावर अडते आणि जोर लावला की मुडपून चंद्रकोरीसारखे डाग पडतात. अशा वेळी फिल्म सैलच टँकमध्ये (फिल्म धुण्याच्या प्रकाशबंद डब्यात) ठेवून झाकण लावावे, हात बाहेर काढून कोरडे करावेत आणि मग पुन्हा प्रयत्न करावा. टँकची मधली नळी बसवल्याशिवाय झाकणातून प्रकाश आत शिरतो, हे मात्र विसरू नये. रीळ आधी हेअर ड्रायरने वाळवून, गार होऊ देऊन घेतल्यास ही वेळ सहसा येतच नाही.

धुतलेली फिल्म दुधाळ दिसत असेल, तर फिक्सिंग अपुरे आहे. ताज्या फिक्सरमध्ये पुन्हा बुडवली की ती सुधारते. फिक्सर जुना असेल, तर रोलच्या टोकाचा तुकडा त्यात टाकून तो पारदर्शक व्हायला लागणारा वेळ मोजावा आणि त्याच्या किमान दुप्पट वेळ रोल फिक्स करावा.

सोसायटीत टँकरचे किंवा बोअरवेलचे पाणी येत असेल, तर वाळल्यावर फिल्मवर पांढरे ठिपके राहतात. शेवटचे खळबळणे डिस्टिल्ड पाण्यात वेटिंग एजंटचे (पाणी थेंबांत न साचता निथळावे म्हणून घालायच्या द्रव्याचे) थोडे थेंब घालून करावे आणि फिल्म पंख्याखाली न टांगता बंद बाथरूममध्ये टांगावी, कारण पंखा ओल्या इमल्शनवर धूळ बसवतो.