मेम्ब्रेनवर पीएचडी करायचीय? आधी लायपोसोम करायला शिका

एमएस्सी बायोकेम झालेली, नेट निघालेली मुलंमुली विचारतात की लिपिड मेम्ब्रेनमध्ये (पेशीभोवतीच्या स्निग्ध पदार्थांच्या पातळ पडद्यावर) काम करायचंय, सुरुवात कुठून करू, कुठले पेपर वाचू. पेपर वाचालच हो, पण आधी स्वतःच्या हाताने लायपोसोम, म्हणजे लिपिडच्या पडद्याच्या पाणी भरलेल्या सूक्ष्म पिशव्या, करायला शिका, कारण पुढची पाच वर्षं जे काही मोजाल ते त्या एका ट्यूबवर उभं असणार.

पहिली गोष्ट लिपिडची बाटली. ती असते उणे २० ला, क्लोरोफॉर्ममध्ये. फ्रीझरमधून काढली की लगेच उघडायची नाही, बेंचवर ठेवून रूम टेम्परेचरला येऊ द्या, नाहीतर हवेतलं बाष्प आत जाऊन बसतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात तर विचारूच नका. घ्यायचं ते काचेच्या सिरिंजनेच, प्लास्टिकची टिप अजिबात नको, कारण क्लोरोफॉर्म प्लास्टिकमधली द्रव्यं ओढून घेतं. काम झालं की आत नायट्रोजन किंवा आर्गॉन सोडा आणि टेफ्लॉन अस्तराचं झाकण घट्ट लावा, पॅराफिल्म वाफेने विरघळतो.

मग गोल बुडाच्या फ्लास्कमध्ये घेऊन रोटाव्हॅपवर (फ्लास्क फिरवत कमी दाबाखाली द्रावक उडवणाऱ्या यंत्रावर) क्लोरोफॉर्म उडवायचं. काचेला आतून पातळ धुरकट थर दिसतो, तो सगळीकडे सारखा हवा. तो कोरडा दिसला म्हणून थांबू नका, व्हॅक्युममध्ये अजून दोन-तीन तास ठेवा.

आता बफर (पीएच स्थिर ठेवणारं पाण्यातलं द्रावण) घालायचा, आणि नवीन मुलं सगळ्यात जास्त चुकतात ती इथेच. खोबरेल तेल थंडीत बाटलीत गोठतं पण शेंगदाण्याचं तेल गोठत नाही, हे घरात सगळ्यांनी बघितलंय. मेम्ब्रेनचंही तसंच. डीपीपीसी आणि डीओपीसी ही दोन लिपिडं घ्या. डीपीपीसीच्या शेपट्या (लांब कार्बनसाखळ्या) सरळ, एकही डबल बाँड नाही, त्या ४१ डिग्रीच्या खाली घट्ट रचून बसतात, डीओपीसीच्या दोन्ही शेपट्यांत वाक असतो म्हणून तो उणे १७ पर्यंत पातळच. म्हणजे डीपीपीसी असेल तर बफर, फ्लास्क, एक्सट्रुडर (दोन सिरिंजच्या मध्ये फिल्टर बसवलेलं साधन) सगळं ५० च्या आसपास गरम हवं, थंड एक्सट्रुडरमधून ढकलायला गेलात तर फिल्टर फाटतो.

हलवल्यावर दुधासारखं पांढरं होतं. ते १०० नॅनोमीटरच्या फिल्टरमधून ११ वेळा काढा. आकडा विषमच का, तर शेवटी माल पलीकडच्या सिरिंजमध्ये यायला हवा, अलीकडच्या सिरिंजमध्ये न गाळलेलं राहिलेलं असतं. दुधाळपणा जाऊन निळसर झाक आली की समजायचं जमलं, पहिल्यांदा ती झाक दिसते तेव्हा फार छान वाटतं, खरंच.

पण इथे थांबू नका, फॉस्फेट मोजा! या लिपिडच्या प्रत्येक रेणूत एक फॉस्फेट असतो, त्यावरून लिपिड खरंच किती उरलं ते कळतं. मी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी हे करत नव्हते, जेवढं लिपिड घातलं तेवढंच आहे असं धरून तीन महिने कॅल्सीन गळतीचे (लायपोसोममध्ये भरलेला चमकणारा रंग किती बाहेर येतो याचे) प्रयोग केले आणि एकही आकडा दुसऱ्याशी जुळेना, शेवटी फॉस्फेट अॅसे केला तर निम्म्याहून जास्त लिपिड फ्लास्कला आणि फिल्टरला चिकटून गेलं होतं. तो सगळा डेटा टाकून द्यावा लागला. फॉस्फेट मोजायचा असेल तर बफर फॉस्फेटचा नको हं, हेपिस (फॉस्फेट नसलेला बफर) घ्या, आणि काचेची भांडी फॉस्फेटवाल्या साबणाने धुतलेली नकोत.

वाचायला सुरुवात करायची तर १९२५ चं गॉर्टर आणि ग्रेंडेल यांचं काम घ्या, लायडनचं. तांबड्या पेशींमधलं लिपिड काढून पाण्यावर पसरलं आणि पेशींच्या क्षेत्रफळाच्या दुप्पट आलं, म्हणजे थर दोन. खरं तर अॅसिटोनने सगळं लिपिड निघालं नव्हतं आणि पेशींचं क्षेत्रफळही कमी मोजलं गेलं होतं, दोन चुका एकमेकींना खाऊन गेल्या म्हणून उत्तर बरोबर आलं! नंतर बँगहॅम यांचं १९६४-६५ चं वाचा, लिपिड पाण्यात आपोआप बंद पिशव्या करतं आणि त्यांतून आयन किती गळतात हे त्यांनी मोजलं, आपण आज तेच करतो. आपल्याकडे हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतलं अमिताभ चट्टोपाध्याय यांचं कोलेस्टेरॉल आणि रिसेप्टरवरचं (मेम्ब्रेनमधल्या संदेश पकडणाऱ्या प्रोटीनवरचं), बंगळुरूच्या एनसीबीएस या संस्थेतलं सत्यजित मेयर यांचं मेम्ब्रेनवरचं काम जरूर बघा.

एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला असाल तर सायन्स अकॅडमींच्या समर फेलोशिपचा फॉर्म भरा, दोन महिन्यांत हात बसतो. आणि पुढे पीएचडीसाठी सरांना किंवा मॅडमना मेल कराल तेव्हा 'मला मेम्ब्रेनची आवड आहे' एवढंच लिहू नका, कुठल्या लिपिडचे लायपोसोम केले, डीएलएसवर (प्रकाश कसा विखुरतो त्यावरून कणांचा आकार मोजणाऱ्या यंत्रावर) साइझ किती आली, घातलेल्यातलं किती टक्के लिपिड उरलं, हे तीन आकडे लिहा.