ई-बाईकचा रॅक घेताना आधी वजनकाटा काढा

पन्हाळ्याच्या चढाला आरशात बघतोय तर मागच्या दोन्ही ई-सायकली एका अंगाला कललेल्या. डिकीला पट्ट्यांनी बांधायचा रॅक होता. वाघबिळाजवळ उतरलो, तर एक पट्टा सैल आणि पेडलनं बंपरवर टिचभर लांब ओरखडा. बायको म्हणाली, "अहो, सायकल केवढ्याची आणि दोरी केवढ्याची!"

घरी येऊन सायकल घेऊन काट्यावर उभा राहिलो, माझं वजन वजा केलं. एक सायकल २४ किलो! रॅकवर बारीक अक्षरात एका सायकलीला १५ किलो. चूक माझीच.

टपाचा रॅक बाद केला; २४ किलो डोक्यावर उचलायला तालमीतला गडी पाहिजे. शेवटी गाडीला टो-हिच (ट्रेलर ओढायला मागे बसवलेली लोखंडी जोडणी) होता, त्यावर चाकं ठेवायचा प्लॅटफॉर्म रॅक घेतला. हिचच्या मर्यादेत रॅकचं वजनही धरायचं, हे बरेच जण विसरतात. माझा हिच ७५ किलोचा. रॅक १८, सायकली ४८, म्हणजे ६६. बॅटऱ्या काढून गाडीत ठेवल्या की आणखी सहा किलो कमी.

नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले जात होते, त्यासाठी उद्यमनगरातून वेगळी पट्टी आणि वायरिंग करून घेतलं. राधानगरीला जाऊन आलो, पट्टा हलला नाही.