डेंटल नर्सची अप्रेंटिसशिप : होकार देण्याआधी
इंग्लंडमध्ये डेंटल नर्स व्हायला कॉलेजची फी भरायलाच हवी असं नाही. लेव्हल ३ च्या (साधारण बारावीच्या पातळीच्या) अप्रेंटिसशिपमध्ये दवाखान्यात पगारी काम करता करता शिकता येतं. मुलाखतीत एवढं मात्र विचाराच: कोर्सला नाव नक्की कधी घालणार? 'बघू पुढे' म्हणणारेही भेटतात, आणि मग महिनोन्महिने नुसतं सक्शन (पेशंटच्या तोंडातली लाळ-पाणी ओढणारी नळी) धरून उभं राहावं लागतं. अभ्यासाचा वेळ पगारी तासांतच मिळायला हवा, तेही आधीच बोलून घ्या. हेपॅटायटिस बीच्या लशीचे कागद गावाकडे असतील तर आत्ताच मागवा.

खरी तारांबळ उडते चार्टिंगला, म्हणजे प्रत्येक दाताची नोंद चार्टवर करताना. डॉक्टर भराभर सांगत जातात, 'अप्पर राइट सिक्स'. म्हणजे वरच्या जबड्यात उजवीकडे, मधल्या दातापासून सहावी ती दाढ. पण उजवी बाजू पेशंटची. चार्टवर ती आपल्या डाव्या हाताला येते! घरच्यांना आ करायला लावून हे आठवडाभर घोटा. (सासूबाईंना आधी विचारा.)

कोर्स संपला की जनरल डेंटल कौन्सिलकडे (दंतसेवेतल्या लोकांची नोंद ठेवणारी तिथली नियामक संस्था) नोंदणी करायची. तोवर स्वतःची ओळख 'ट्रेनी' अशीच सांगा.