पिल्लं वाढवायचे कष्ट आणि रक्तातले परजीवी: नवख्यांसाठी थोडं

पिल्लं वाढवताना पक्षी दमला की त्याच्या रक्तात परजीवी वाढतात का, हा आपला प्रश्न. एम.एस्सी.ला असताना मी सरांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "ज्या जोडीला पिल्लं जास्त, तिच्या रक्तात परजीवी जास्त. एवढंच दाखवायचं ना?" सर म्हणाले, "आणि मुळात धट्टाकट्टा पक्षीच जास्त अंडी घालत असेल तर?" माझं तोंड तिथंच बंद.

या विषयाची मेख हीच. नुसती घरटी मोजत बसलात तर उत्तर उलटंही येतं. म्हणून कष्ट आपणच वाढवायचे: एका घरट्यातली दोन पिल्लं उचलून दुसऱ्यात ठेवायची, आणि कुणाच्या गळ्यात टाकायची ते चिठ्ठ्यांवर सोडायचं. स्वित्झर्लंडमध्ये ग्रेट टिट पक्ष्यांवर हे करून बघितलं, 1995 साली छापून आलं. जास्तीच्या पिल्लांपायी नरांच्या चारा आणायच्या खेपा बऱ्याच वाढल्या आणि मलेरिया असलेल्या नरांचं प्रमाण दुपटीहून वर गेलं. माद्यांनी खेपा वाढवल्या नाहीत, त्यांच्यात तसा फरकही पडला नाही. मला तर हा माद्यांचा भागच जास्त बोलका वाटतो.

आपल्याकडं मात्र उद्या उठून जाळं लावता येत नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणं पक्षी धरायला वनखात्याची परवानगी लागते. तोवर कोल्हापुरात रंकाळ्याच्या बाजूला, नाहीतर विद्यापीठाच्या आवारात बुलबुलाचं घरटं हेरा. लांबून दुर्बिणीनं, तासाला किती खेपा होतात ते लिहा. पहाटे उठायची सवय तरी लागेल.

परजीवी बघायला रक्ताचा थेंब काचेवर पातळ पसरून स्लाइड करतात; तो हात कोंबडीच्या रक्तावर बसवा. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या गावात चिकनचं दुकान शोधावं लागत नाही. थेंबभर रक्त मागितलं की दुकानदार हसतो, पण देतो. पक्ष्यांच्या तांबड्या पेशीत केंद्रक असतं, आणि नवखा त्यालाच परजीवी समजतो. मीही समजलो. खरा हिमोप्रोटिअस (पक्ष्यांच्या रक्तातला, मलेरियाच्या जातकुळीतला परजीवी) केंद्रकाला कवेत घेऊन बसतो, अंगात काळपट दाणे असतात. 100एक्सच्या लेन्सखाली तेल टाकून निवांत बघा.

जून-जुलैत कोल्हापूरची हवा इतकी ओली की रक्ताचा थर वाळता वाळत नाही, पेशी वेड्यावाकड्या होतात. टेबलफॅनखाली वाळवा, मग पेशी काचेवर पक्क्या बसायला मिथेनॉल, मग गिम्सा हा रंग. नंबर पेन्सिलनंच घाला. मार्कर मिथेनॉलमध्ये धुऊन जातो. माझ्या पहिल्या अकरा स्लाइड कुठल्या कोंबडीच्या, ते आजही सांगता यायचं नाही.