व्हीआरमध्ये ट्रायेज शिकवताना: आधी गुण कशाला द्यायचे ते ठरवा

बरीच वर्षं रुग्णवाहिकेवर काढून आता मी आपत्कालीन पथकातल्या नव्या मुलामुलींना ट्रायेज शिकवते, म्हणजे जखमींची तातडीनुसार वर्गवारी. व्हीआर, म्हणजे हेडसेट चढवून आत शिरायचं आभासी जग, हाताशी आलं तेव्हा मी सगळं लक्ष धूर आणि आरडाओरडा खरा वाटण्यावर दिलं आणि गुणांचा विचार घाईत उरकला. तुम्ही उलटं करा.

आमचा पहिला प्रसंग बस अपघाताचा होता. जखमी बारा, पद्धत 'स्टार्ट', म्हणजे श्वास, नाडी आणि सूचना पाळणं पाहून प्रत्येकाला झटपट रंगीत टॅग लावायचा: लाल तातडीचा, पिवळा थोडा थांबू शकणारा, हिरवा किरकोळ, काळा गेलेला. जितक्या लवकर टॅग, तितके जास्त गुण. एक मुलगी पहिली आली. रेकॉर्डिंग लावलं तर दिसलं, सीटखालच्या माणसाची छाती हलत नाही हे पाहून तिने क्षणात काळा टॅग लावला आणि पुढे गेली. त्याचं डोकं मागे करून हनुवटी उचलली असती तर श्वास सुरू झाला असता. तो रुग्ण मी मुद्दाम तसाच बसवला होता. तो लाल टॅगचा माणूस होता. आणि त्याला सोडून पळायला माझ्या गुणांनीच तिला शिकवलं होतं.

तेव्हापासून गुण पायरीला देते. चालू शकणाऱ्यांना आधी आवाज देऊन बाजूला काढलं का? त्यांना हिरवा. श्वास नसेल तर श्वासमार्ग मोकळा केला का? मिनिटाला ३० पेक्षा जास्त श्वास, मनगटाची नाडी न लागणं किंवा साधी सूचना न पाळता येणं, यातलं काहीही आढळलं की लाल, बाकीचे पिवळे. लाल माणसाला पिवळा टॅग लावला तर मोठी वजावट, पिवळ्याला लाल लावला तर छोटी. वेळेचे गुण सगळ्यात शेवटी, तेही टॅग बरोबर असेल तरच. गुणांची यादी भिंतीवर लावू नका. ज्याचा त्याला मागचा प्रयत्न दाखवा.

पहिल्या पातळीवर शांत खोली आणि तीन जखमी पुरेत. अंधार, गोंगाट, बाही ओढणारे नातेवाईक नंतर येऊ द्या. पहिली फेरी दहा मिनिटांच्या आत संपवा आणि चालण्याऐवजी टेलिपोर्ट, म्हणजे निवडलेल्या जागी थेट पोचणं, ठेवा. डोळे म्हणतात चाललोय, कान म्हणतो उभाच आहे, त्यातून मळमळतं. भिंगांमधलं अंतर प्रत्येकासाठी वेगळं लावावं लागतं. हेडसेट चढवण्याआधी प्रसंगात काय दिसणार ते सांगा. कुणी खरा अपघात जवळून पाहिलेला असतो. त्याला मध्येच थांबता आलं पाहिजे, गुण न कापता.

सीपीआर, म्हणजे हृदय थांबलेल्याची छाती दाबणं, मात्र व्हीआरच्या हातातल्या कंट्रोलरवर शिकवू नका. ५ ते ६ सेंटीमीटर छाती दाबायला किती जोर लागतो, मिनिटाला १०० ते १२० चा वेग ठेवताना हात कसे भरून येतात, हे डमीवरच कळतं.

फेरीला जेवढा वेळ गेला त्याच्या दुप्पट वेळ चर्चेला ठेवा आणि रेकॉर्डिंग लगेच लावू नका. त्या मुलीला मी आधी विचारलं, "सीटखाली काय दिसलं?"

"एक माणूस. गेलेला."

"कशावरून?"

ती बराच वेळ गप्प राहिली. मग तिचा हात आपोआप स्वतःच्या हनुवटीकडे गेला. रेकॉर्डिंग मी त्यानंतर लावलं.