कॅनओपन लाइनवर नवा ड्राइव्ह जोडताना

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या लहान युनिटमध्ये पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर), तीन-चार ड्राइव्ह (मोटर चालवणारे) आणि एखादा एन्कोडर (फिरणं मोजणारा) एकाच कॅनओपन लाइनवर, म्हणजे एकमेकांना मेसेज पाठवायच्या सामायिक तारांवर, सहज असतात. नवा ड्राइव्ह जोडला आणि चालणारेही अडखळू लागले, तर आधी नोड नंबर, म्हणजे लाइनवरच्या प्रत्येक उपकरणाचा स्वतःचा नंबर, तपासा.

त्याआधी सप्लाय बंद करून कॅन-हाय आणि कॅन-लो या लाइनच्या दोन सिग्नल तारांमध्ये मल्टीमीटर लावा. ६० ओहम हवेत. १२० आले तर लाइनच्या एका टोकाचा टर्मिनेशन रेझिस्टर गायब आहे. ४० आले तर मधल्या कुठल्यातरी ड्राइव्हचा टर्मिनेशन स्विच चालू राहिलाय. बॉड रेट (डेटा पाठवायचा वेग) सगळ्यांचा एकच: १०० मीटरपर्यंत ५०० केबीपीएस, २५० मीटरपर्यंत २५०.

मेसेजचा आयडी ११ बिटांचा. वरचे ४ बिट मेसेज कशाचा ते सांगतात, खालचे ७ नोड नंबर; म्हणून नंबर १ ते १२७. पहिला टीपीडीओ (नोड स्वतः पाठवतो तो चालू डेटा) १८० अधिक नोड, एसडीओची (सेटिंग वाचायचा-लिहायचा मेसेज) मागणी ६०० अधिक नोड, उत्तर ५८० अधिक नोड, हार्टबीट (नोड जिवंत असल्याची ठराविक वेळाने येणारी खूण) ७०० अधिक नोड. ही बेरीज हेक्समध्ये (१६ च्या पायाने) करायची; खालचे बाइटही हेक्समध्येच आहेत. नोड १६ चा टीपीडीओ १९० वर येतो, १९६ वर शोधत बसाल तर मिळणार नाही. लाइनवर लहान आयडी जिंकतो, तेव्हा ज्या मोटरला उशीर चालत नाही तिला लहान नंबर द्या.

एकच नंबर दोघांना पडला तर सुरुवातीला काहीच कळत नाही, कारण दोघांचा बूट-अप मेसेज (चालू झाल्यावरचा पहिला) हुबेहूब सारखा असतो. पुढे एकाच आयडीवर वेगळा डेटा एकाच वेळी निघाला की बिट एरर येतो, एरर काउंटर चढत जातो आणि २५५ ओलांडल्यावर नोड बस-ऑफ होतो, म्हणजे लाइनवरून बाजूला होतो. म्हणून नवा ड्राइव्ह एकटाच मास्टरला (लाइन चालवणारा, जसा पीएलसी) जोडून सेट करा. डिप स्विच बदलल्यावर सप्लाय बंद-चालू करा. बरेच ड्राइव्ह हा स्विच फक्त चालू होतानाच वाचतात.

नोड ५ ला ५०० मिलिसेकंदांचा हार्टबीट द्यायचा तर ६०५ वर पाठवा: २बी १७ १० ०० एफ४ ०१ ०० ००. उत्तर ५८५ वर, पहिला बाइट ६०. तिथे ८० दिसला तर ड्राइव्हने नकार दिलाय. शेवटचे चार बाइट कारण सांगतात.

आता सेव्ह. हे राहिलं तर लाइट गेल्यावर सेटिंग पुसलं जातं. ६०५ वरच २३ १० १० ०१ ७३ ६१ ७६ ६५ पाठवा; शेवटचे चार बाइट म्हणजे 'सेव्ह' या शब्दाची इंग्रजी अक्षरं. ड्राइव्ह बंद करून पुन्हा चालू करा, ७०५ वर हार्टबीट दिसला की मगच मुख्य लाइनला जोडा.